तेवीस तारखेची शिडी

२३ डिसेंबर १९९८. टाकीचा कॉक गळतोय. दोन दिवस खाली बादली लावून भागवलं, आज शिडी काढायला घेतली. आमची शिडी मागच्या पडवीत दोन खुंट्यांवर आडवी असते आणि तिच्यावर जुन्या पांढऱ्या चादरीतलं एक गाठोडं असतं. शिडी काढायची झाली की आधी ते उतरवायचं आणि काम झाल्यावर परत वर ठेवायचं. पावणेदोन वर्षांत असं कितीतरी वेळा केलं असेल. आज ते उतरवून कॉटवर ठेवलं आणि सहज कॅलेंडरकडे नजर गेली. कॉक गळतच राहिला.

"तुमचं आटपलं की बघा. घाई नाही."

हे वाक्य सिस्टरांचं. आमच्या माधवनगरच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, तरी साडी पांढरीच नेसायच्या आणि घड्याळ मनगटाऐवजी छातीवर पिनेनं लावायच्या. बुटक्या होत्या. किराणा दुकानाच्या काउंटरपलीकडे फक्त त्यांचा अंबाडा दिसायचा. कुणाकडे काही काम असलं तर कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या, काम सांगायच्या नाहीत. "तुमचं आटपलं की बघा," एवढंच. काय बघायचं ते समोरच्यानं ओळखायचं.

दुसऱ्याच्या कामाला मात्र त्यांना घाईच असायची. माझी मुलगी तीन वर्षांची असताना तापात तिला झटका आला. मी त्यांच्या दाराची कडी वाजवली, तर दार उघडून त्या माझ्यापुढे धावत आमच्या घरात शिरल्यासुद्धा. एका पायात चप्पल होती, दुसरी त्यांच्याच उंबऱ्यात राहिली होती. मुलीला कुशीवर वळवलं, कपडे सैल केले, आणि मला म्हणाल्या, "वहिनी, रडायचं असेल तर बाहेर. पाणी आणायचं असेल तर आत." मी पाणी आणलं. मला असलीच माणसं आवडतात.

त्यांचे यजमान मिलमध्ये फिटर होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उंच, सडपातळ, बोलणं सगळं कुंडलकडचं. दोघांना मूलबाळ नव्हतं. नाताळच्या आधी मिस्त्री तारा करायला बसायचे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा एकदाच केलेला होता, साडेतीन फुटी, पाच टोकांचा. दर वर्षी नाताळ झाला की जुना कागद फाडून टाकायचा आणि पुढच्या बावीस तारखेला गव्हाच्या खळीनं नवा लाल कागद चिकटवायचा. तेवीसला तारा ओट्यावरच्या वाशाला, एका लोखंडी आकड्यात टांगायचा. त्यासाठी शिडी लागायची, आणि शिडी गल्लीत फक्त आमच्याकडे.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी शिडी असेल. आमचे हे मोटारी रिवाइंड करतात, म्हणून ती आमच्याकडे आली. पण तिचा कारभार माझ्याकडे. शिडी मागायला आलेल्याला मी ती एकट्याला देत नाही. बरोबर जाते, खाली धरून उभी राहते आणि काम झालं की घेऊन येते. काही दिवस मात्र ठरलेले होते, तेव्हा कुणी मागायचंही नाही. दिवाळीत आकाशकंदिलांसाठी सगळ्या गल्लीत. सव्वीस जानेवारीला शाळेत. आणि तेवीस डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता सिस्टरांकडे.

"आली का शिडी? आता सुटका न्हाई," असं म्हणत मिस्त्री वर चढायचे. सिस्टर अंगण ओलांडून थेट रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

"डावीकडं."

"तुझ्या डावीकडं का माझ्या?"

"ताऱ्याच्या."

"आवं वहिनी, तुमी तरी सांगा हिला. ताऱ्याला कुठलं डावं आलं?"

मी म्हणायची, "मला शिडी धरू द्या. तुमचं डावं-उजवं तुम्ही बघा." हा खेळ अर्धा तास चालायचा. सायकलवरून जाणारे थांबून सल्ले द्यायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "सिस्टर, ओट्यावरून बघा ना. रस्त्यावर कशाला जाता दर वेळी?" त्या म्हणाल्या, "ओट्यावरून त्याची पाठ दिसते, वहिनी. घरात बसलेल्याला तारा कुठं दिसतो? तो बाहेरच्या माणसासाठी."

बाहेरचं माणूस म्हणजे कोण, ते मला मिस्त्रींनी सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी त्यांची दुसरी पाळी होती. मिलमधून सायकलवर सुटायचं, आणि वळणावर आलं की आपला तारा दिसायचा. "तवा ह्या गल्लीत लाईट बी न्हवती सगळीकडं. आत कंदील टांगलेला. लांबनं दिसला की कळायचं, ही जागी हाय." मिस्त्री निवृत्त झाले, दुसरी पाळी संपली, गल्लीत दिवे आले, तरी तारा वळणावरून दिसला पाहिजे, ही सिस्टरांची अट कायम राहिली. ह्यांनी त्यात चाळीसचा बल्ब बसवून दिला होता. बटण दाबलं की सिस्टर वळणापर्यंत चालत जायच्या, तिथून बघायच्या आणि परत यायच्या. मग चहा.

ताऱ्याखाली अंगणात गव्हाणी असायची. कडब्याचं छप्पर, खाली भुसा, आणि बैल आमचे. आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल पुजतात. सण झाला की बहुतेक घरी ते कोनाड्यात पडून राहतात. सिस्टर आषाढातच सांगून ठेवायच्या, "बैल टाकू नका हं. तुमचं आटपलं की बघा." त्यामुळे त्यांच्या गव्हाणीत एक गाय, दोन मेंढ्या आणि शिंगं मोडलेले अकरा बैल असत. बाळ येशू त्यात शोधावा लागे. मी हसले तर म्हणाल्या, "थंडीचे दिवस आहेत. जितके बैल तितकी ऊब."

त्र्याण्णव साली श्रावणात माझ्या सासूबाई गेल्या. वर्ष सुतकी, म्हणजे आमच्यात त्या वर्षी घरात सण करायचा नाही, आकाशकंदील लावायचा नाही, फराळ तळायचा नाही. दिवाळीच्या आधी सिस्टर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यात काय चालतं, काय चालत नाही, मला माहीत नाही. मी काय करू आणि काय करू नको, ते सांगा." मी सांगितलं. लाडू आणू नका, साधं जेवण आणलं तर चालेल. चारही दिवस दुपारी त्यांच्याकडून डबा आला. झुणका, भाकरी, भात. गोड एकदाही नाही. त्यांनी स्वतःच्या बाबतीत कधी तोंड उघडून मागितलं नसेल, पण दुसऱ्याच्या दुःखात काय करायचं, हे त्यांनी विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शहाण्णव साली दसरा झाल्यावर मिस्त्री गेले. सायकलचं चाक काढून बसले होते, तिथंच कलंडले. सिस्टरांनी छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, सगळं केलं. रिक्षा आली तेव्हा म्हणाल्या, "रिक्षा परत पाठवा." गल्लीतले सगळे दफनाला गेलो. त्यानंतर रोज सकाळी त्या अंगण झाडायच्या आणि बिनचाकाची सायकल पुसायच्या. बोलायच्या कमी. आम्हीही त्यांच्याकडे कामाशिवाय जात नव्हतो. त्रास द्यायला नको, असं.

डिसेंबर उजाडला. शेजारच्या मगदूमकाकी आणि मी एक दिवस पापड वाळत घालत होतो. मगदूमकाकी जैन आहेत, शेतावरच्या घरातून इथे आलेल्या, आणि कुठल्या घरी काय पाळायचं ह्यात त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्या म्हणाल्या, "यंदा सिस्टरच्या दाराला कसलं तोरण न् कसली चांदणी. वरीस बी न्हाई झालं माणूस जाऊन. पोरांना सांगून ठेवा, तिकडं नाचायला जाऊ नका म्हणावं."

मी म्हटलं, "शिडीही नेत नाही मी."

"व्हय, नका नेऊ. उगं जीवाला लागंल."

आम्ही दोघींनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. त्या ख्रिश्चन आहेत, आपल्यात वर्ष पाळतात तसं त्यांच्यात पाळतात का, हा प्रश्न दोघींच्याही डोक्यात आला नाही. मृत्यू झालेल्या घरात सण नसतो, हे आम्हाला माहीत होतं. जे माहीत असतं ते कोण विचारतं?

तेवीस तारखेला संध्याकाळी मी ऑफिसातून आले, चहा टाकला. सिस्टर कुंपणापाशी उभ्या होत्या. धुतलेली साडी, घड्याळ लावलेलं.

"वहिनी, तुमचं आटपलं की बघा. घाई नाही."

त्या आमच्यासाठी, गल्लीसाठी विचारायला आल्यात, असं मला वाटलं. दर वर्षीचं आहे, लोकांना वाईट वाटू नये, म्हणून मन नसताना करायला निघाल्यात. त्यांना ह्यातून मोकळं करावं, असं मला वाटलं. मी जवळ जाऊन, त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "यंदा राहू दे, सिस्टर."



"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मी घरात येऊन ह्यांना म्हटलंसुद्धा, "बरं झालं, त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्यांच्या ओट्यावर वाशाखाली एक स्टूल दिसलं. काहीतरी वाळत घातलं असेल, असं समजून मी पुढे गेले. पंचवीसलाही ते स्टूल तिथंच होतं. त्या दिवशी त्या नेहमीसारखं ताट घेऊन आल्या. करंज्या, चकल्या, केकचे चार तुकडे. "गरम आहेत तोवर खा," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, काय धीराची बाई आहे.

मार्चमध्ये त्यांनी घर सोडायचं ठरवलं. साताऱ्याला त्यांची धाकटी बहीण राहत होती, शाळेत शिक्षिका होती, तीही एकटी. सामान बांधायला मी रजा काढून गेले. भांडी बांधली, पुस्तकं बांधली. मिस्त्रींची सायकल कुणाला तरी दिली. शेवटी त्या आतून पांढऱ्या चादरीतलं गाठोडं घेऊन आल्या.

"हा तुमच्याकडे राहू दे. टेम्पोत मोडेल. शिडी तुमच्याकडे आहे, तर हाही तिथंच बरा."

मी चादर जरा बाजूला केली. सांगाड्यावर जुना कागद कधीच ठेवत नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्याच्यावर कागद होता. नवा, लाल, कडेनं पांढरी पट्टी, एक सुरकुती नाही. आत बल्ब बसवलेला.

"सिस्टर, हा कधी केलात?"

"बावीसला चिकटवला. तेवीसला तुम्ही येताच ना."

त्या दोरी शोधत होत्या. गाठोडं बांधायला.

"अहो, मग हाक का नाही मारलीत?"

"मी आले होते की. तुम्ही म्हणालात, यंदा राहू दे." त्यांनी दोरीची गाठ मारली. "मला वाटलं, तुमच्याच घरी काही अडचण असेल. तुमच्यात काही पाळायचं असेल, आणि तुम्हाला सांगता येत नसेल. मग मी स्टुलावर चढून बघितलं. हात पोचत नाही."

मी मगदूमकाकींचं, आमच्या वर्ष पाळण्याचं, सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यातही काही लोक नाही लावत. ज्याचं त्याचं. पण मला ह्याच वर्षी लावायचा होता. ते एकटे बाहेर, वहिनी. पहिलंच वर्ष."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टोव्ह बांधायला लागल्या. मीही गेले. काम होतंच. दुपारी टेम्पो आला. निघताना मी म्हटलं, "नाताळला मी तारा घेऊन साताऱ्याला येते. स्वतः लावून देते."

"याल?" त्यांनी पटकन विचारलं, आणि मग नेहमीसारखं, "तुमचं आटपलं की बघा. घाई नाही."

त्या वर्षी डिसेंबरात आमच्या ऑफिसात तपासणी लागली. मुलीची चाचणी परीक्षा होती. ह्यांचे दोन कारागीर एकदम सोडून गेले. मी सिस्टरांना कार्ड टाकलं, पुढच्या वर्षी नक्की. त्यांचं उलट कार्ड आलं. बहिणीचे गुडघे, साताऱ्याची थंडी, आमच्या मुलीचा अभ्यास, आणि शेवटच्या ओळीत, घाई नाही.

यंदा ऑगस्टमध्ये सिस्टरांच्या बहिणीचं पत्र आलं. ताई गेल्या. दफन होऊन पाच दिवस झाले होते. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं. मी पत्र वाचलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी मगदूमकाकींना सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं व्हतं, न्हाई?" मी म्हटलं, "शिडी माझी होती."

तर आज हे गाठोडं कॉटवर आहे. संध्याकाळी पाच वाजता मी दोरी सोडली. एका टोकाचा कागद दोन बोटं फाटलाय, बाकी सगळा शाबूत आहे. खळ करून तेवढं टोक चिकटवलं. ह्यांनी बल्ब तपासून दिला आणि काही न विचारता बाहेर गेले.

हे पुढचं दोन दिवसांनी लिहितेय.

चोवीस तारखेला सकाळी मी तारा घेऊन निघाले तेव्हा हे दारात उभे होते. "त्यांच्या घरी यंदा मयत झालंय," ते म्हणाले. "त्या बाईच्या दारात असा तारा घेऊन जायचं?"

"लावायचा का, ते विचारायला चाललेय."

"विचारायला तारा कशाला? पत्र टाकायचं."

"पत्र टाकून झालंय माझं," मी म्हटलं.

सांगली स्टँडवरून साडेसहाची सातारा गाडी मिळाली. कंडक्टर म्हणाला, "बाई, टपावर टाकू नका, ऱ्हायचं न्हाई ते. मांडीवर धरा." साडेतीन तास धरला. कराडला शेजारी बसलेली म्हातारी ताऱ्याच्या एका टोकाला हात लावत म्हणाली, "लय देखणं हाय. कुणाचं?" मी म्हटलं, शेजारणीचं.

साताऱ्यात रिक्षावाल्याला दोनदा वाट विचारावी लागली. बहिणीनं दार उघडलं. तोच ठेंगणा बांधा, पण हिच्या हातात काठी. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग चादरीतून बाहेर आलेल्या लाल टोकाकडे. ओळख सांगावी लागली नाही.

मी बसलेही नाही. म्हटलं, "बाई, तुमच्यात काय चालतं, काय चालत नाही, मला माहीत नाही. हा लावायचा का? नको असेल तर परत नेते."

ती काठी टेकत वळली. आत गेली. भांड्यांचा आवाज आला, काहीतरी फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज आला.

"शिडी नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "हे ताईचं स्टूल आहे."

मी स्टुलावर चढले. मी उंच आहे, हात सहज पोचला. दारावर पत्र्याच्या छपराचा अँगल होता, त्याला तार बांधली, वायर खिडकीतून आत सोडली. बहीण म्हणाली, "आत्ता कशाला लावताय? उन्हात काय दिसणार, संध्याकाळी लावीन मी."

"लागतोय का बघू," मी म्हटलं.

तिनं आत जाऊन बटण दाबलं. आम्ही दोघी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. साडेदहाचं ऊन समोरून येत होतं आणि सगळा तारा तसाही लाल दिसत होता. पेटलाय की नाही, ते दोघींनाही कळेना. मी परत आले, स्टुलावर चढले आणि सावलीतल्या बाजूनं कागदाला तळहात लावला.

कोमट होता.